उन्हाळी कॅम्पचे पैसे हिशेबात धरू नका

तुमचं पत्र थोडक्यात असं. पुण्यात टेनिस शिकलात, ऑगस्ट २०१९ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कॉलेजच्या संघात गेलात. पदवीनंतर दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून संघाचं काम करत मास्टर्स पूर्ण केलंत. ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर काम करायची मुभा, येत्या जूनमध्ये संपते. एक विद्यापीठ सहायक प्रशिक्षकाची नोकरी देतंय, वर्षाला ४४,००० डॉलर, एच-१बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, अर्जही तेच करणार. दुसरा बेत म्हणजे आजोबांनी तुमच्या नावे ठेवलेली ३० लाखांची ठेव मोडून बाणेरला भाड्याच्या जागेवर दोन कोर्ट उभारायचे.

माझं मत स्पष्ट आहे: नोकरी घ्या, ठेवीला हात लावू नका. पण नोकरीचा जो हिशेब तुम्ही मांडलाय, तो मला पटलेला नाही.

तुम्ही पगारात ९,००० डॉलर वरचे धरलेत, उन्हाळी कॅम्प आणि खासगी शिकवणीचे. तुमच्या आधीच्या सहायकाला ते मिळायचे, हे खरंच असणार. कॉलेज टेनिसमधले कितीतरी सहायक त्यावरच वर्ष काढतात. पण एच-१बीवर ज्या मालकाने अर्ज केला, त्याच्याचकडून कमावता येतं. कॅम्प बऱ्याचदा मुख्य प्रशिक्षकाच्या स्वतःच्या कंपनीचा असतो, कोर्ट तेवढे विद्यापीठाचे. तिथला चेक घेतलात तर व्हिसाच धोक्यात. शनिवारी एखाद्या मुलाला तासभर शिकवून रोख पैसे घेणंही त्यातच आलं. म्हणून ऑफर लेटरवर सही करण्याआधी लेखी विचारा: कॅम्पचं मानधन विद्यापीठाच्या पेरोलमधून मिळेल का? नाही म्हणाले, तर ते ९,००० खोडून टाका.

खोडल्यावरही गणित बसतं. कर, सोशल सिक्युरिटी, आरोग्यविमा जाऊन महिन्याला साधारण २,८०० डॉलर हाती येतील. तुमच्या खर्चाच्या यादीत भाडं, गाडी, किराणा मिळून २,०५० आहेत. (‘रॅकेट स्ट्रिंगिंग: शून्य, स्वतः करते’ ही ओळ वाचून फार बरं वाटलं.) बाबा ४४,०००ला रुपयाने गुणून खूश आहेत. त्यांना सांगा, खर्चही डॉलरमध्येच आहे, हाती उरतात ते ७५०.

हे ७५० आधी कुठे जायला हवेत? सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बचत खात्यात साठेपर्यंत दुसरीकडे कुठेच नाही. या धंद्यात करार बहुधा एकेका वर्षाचे असतात आणि मुख्य प्रशिक्षक गेला की नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो. कधी संघच बंद होतो. २०२० मध्ये आयोवा आणि मिनेसोटा या मोठ्या विद्यापीठांनी पुरुषांचं टेनिस बंद करायचं ठरवलं. २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागलीत, त्यामुळे ज्या खेळांतून उत्पन्न येत नाही त्यांच्यावर ताण आहे. तुमची नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस.

वरची शिडी मात्र खरी आहे. आपल्या सोमदेव देववर्मनने २००७ आणि २००८ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाकडून एनसीएएचं, म्हणजे अमेरिकी कॉलेज खेळांचं, एकेरीचं विजेतेपद जिंकलं, तेव्हाचे त्याचे प्रशिक्षक ब्रायन बोलँड व्हर्जिनियाला येण्याआधी इंडियाना स्टेटसारख्या विद्यापीठाच्या लहान संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. मोठ्या नावाकडे सहायक म्हणून दहा वर्षं थांबण्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान कॉलेजात मुख्य पद मिळालं तर घ्या.

आता कोर्टांचं. जागेचा करार अकरा महिन्यांचा आहे आणि त्यावर तुम्ही २८ लाखांचं सिंथेटिक, दिवे, कुंपण घालणार आहात. मालकाने बाराव्या महिन्याला नाही म्हटलं तर काय उचलून नेणार? जून ते सप्टेंबर उघड्या कोर्टवर पाऊस, फी बंद, साठ हजार भाडं मात्र चालू. परत येऊन अकादमी काढायची ओढ असेल तर जरूर काढा, तुमच्यासारख्या मुली परत आल्या तर मला मनापासून आनंद होईल. पण आधी दुसऱ्याच्या तयार कोर्टवर तासाच्या भाड्याने एक पावसाळा काढून बघा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला तीच जास्त टोचते. २०१९ धरून २०२३ला विद्यार्थी व्हिसावरची तुमची पाच कॅलेंडर वर्षं पूर्ण झाली, म्हणजे २०२४पासून तुम्ही अमेरिकेच्या करासाठी रहिवासी. त्या ठेवीचं व्याज तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायला हवं. अमेरिकेबाहेरच्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरहून जास्त असले तर एफबीएआर, म्हणजे त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्मही भरायचा असतो, आणि ३० लाख त्याच्या कितीतरी वर जातात. इकडे बँकेतलं खातं अजून साधं बचत खातंच असेल तर एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्या. मागची दोन वर्षं राहून गेली असतील तर विद्यापीठाच्या फुकटच्या कर-शिबिरावर विसंबू नका, भारतीय ठेवी हाताळणाऱ्या सीपीएकडे, म्हणजे तिथल्या सीएकडे, जा. चार-पाचशे डॉलर गेले तरी चालतील.

आणि मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला येणार असं लिहिलंय. विद्यापीठांच्या अर्जांना एच-१बीची लॉटरी नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर लावलेली एक लाख डॉलरची फीदेखील अमेरिकेत राहूनच स्टेटस बदलणाऱ्यांना, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना, लागत नाही. पण अर्ज प्रलंबित असताना देश सोडलात तर स्टेटस बदलाची मागणी सोडून दिली असं धरतात. तिकीट काढण्याआधी विद्यापीठाच्या वकिलाला तारखा दाखवा.