निघायची वाट आधी बघा, मग गाडी लावा

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकते. ऑक्टोबरात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. तिने कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याची तिकिटं काढलीत, पण त्या दिवशी गाडी कुठे लावायची याचा तिला घोर लागलाय. यांचा गुडघा दुखतो, फार चालवत नाही. तुम्ही तिकडे राहून आलात म्हणून विचारते.
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : ताई, लेकीचा घोर खरा आहे. मिशिगन स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात आणि गावची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. आपल्या भुसावळपेक्षा लहान गाव, आणि शनिवारी जवळपास गावाएवढी माणसं एका जागी.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईच्या यात्रेत ड्युटी लागायची. माणसं येतात ती सकाळपासून थोडी थोडी, पण परत निघतात ती एकदम. म्हणून आम्ही गाड्या मंदिराजवळ नाही, निघायच्या रस्त्याच्या तोंडाशी उभ्या करायचो. तिकडेही हेच धरून चाला.

स्टेडियमला खेटून असलेल्या विद्यापीठाच्या बऱ्याच जागा आधीच परवानेवाल्यांना दिलेल्या असतात. ही मंडळी सकाळीच येऊन गाडीमागे शेगडी पेटवतात, खातात-पितात. त्या जागांच्या नादी लागू नका. समोरच पायोनियर हायस्कूलचं मोठं आवार आहे, तिथे पैसे घेऊन गाड्या लावू देतात. शिवाय आसपासची घरंही आपलं अंगण भाड्याने देतात. माणूस पुठ्ठ्याची पाटी घेऊन रस्त्यावर उभा असतो. रोख पैसे जवळ ठेवा.

आम्ही पहिल्या वेळी अशाच एका अंगणात अगदी आत, कुंपणाला टेकवून गाडी लावली. मागे तीन ओळी लागल्या. सामना सुटला आणि मागच्या गाड्यांचे मालक येईपर्यंत दीड तास थंडीत बसून राहिलो. हिची पाठ धरली ती चार दिवस. काही पाट्यांवर ‘ईझी आउट’ लिहिलेलं असतं, म्हणजे तुमच्या मागे दुसरी गाडी लागणार नाही. थोडे जास्त पैसे पडले तरी तीच जागा घ्या, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवा. वस्तीतल्या रस्त्यावर फुकट जागा दिसली तर आधी खांबावरची पाटी वाचा, नाहीतर गाडी उचलून नेतात.

आता भाऊंच्या गुडघ्याचं. स्टेडियमसमोरची मेन स्ट्रीट सामन्याच्या वेळी काही तास बंद असते, त्यामुळे फाटकापर्यंत सोडता येईल असं समजू नका. माझा सल्ला, गाडी गावातल्या बहुमजली पार्किंगमध्ये लावा. तिथून स्टेडियम साधारण दीड किलोमीटर. ‘दराइड’ ही तिथली शहर बस सामन्याच्या दिवशी खास फेऱ्या सोडते. त्या दिवशी ती कुठून सुटते हे लेकीला आधी बघायला सांगा.

आणखी एक, जे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. १९२७ सालचं हे स्टेडियम जमिनीत खोल खणून बांधलंय. वरून आत शिरायचं आणि पायऱ्या उतरत जागेवर जायचं, म्हणजे येताना तेवढ्याच चढायच्या. तिकिटावर ओळीचा आकडा जितका लहान, तितकं खोल. लहान आकडा असेल तर तिकीट बदलता येतं का, हे आत्ताच बघा.

घड्याळावर खेळ ६० मिनिटांचाच, पण ते घड्याळ मधेमधे सारखं थांबतं, म्हणून साडेतीन तास धरा. सुरू व्हायची वेळ टीव्हीवाल्यांच्या सोयीने ठरते, बरेचदा सहा-बारा दिवसच आधी कळते. त्यामुळे दुपारचा सामना संध्याकाळी गेला तर भाऊंची शाल घ्या.

सामना सुटला की वीस मिनिटं जागेवरच बसा, पायऱ्या मोकळ्या होऊ द्या. एवढ्या गर्दीत फोन लागेलच असं नाही. गाडीचा मजला आणि रस्त्याचं नाव कागदावर लिहून भाऊंच्या खिशात ठेवा, आणि चुकामूक झालीच तर कुठे थांबायचं ते आत शिरण्याआधी तिघांनी ठरवून घ्या.