‘मला घरी जायचं आहे’ : स्मृतिभ्रंशाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ७६ आहे. त्यांचे माहेर नारायण पेठेतल्या वाड्यातले. आम्ही गेली ३० वर्षे कोथरूडला राहतो. दीड वर्षापासून त्या एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारतात, आमटीत मीठ दोनदा घालतात. पावसाळा सुरू झाल्यापासून दिवेलागणीला ‘धरण फुटलं, चला’ म्हणत गाठोडे बांधतात. त्यात दोन पातळे, देवातला पितळी बाळकृष्ण आणि जुने रेशनकार्ड असते. मग ‘मला घरी जायचं आहे’ हा हट्ट सुरू होतो. ‘हेच तुमचं घर’ असे सांगितले की चिडतात. नातेवाईक म्हणतात, हा म्हातारचळ आहे, लक्ष देऊ नका. आम्ही काय करावे?
– एक सून, कोथरूड

उत्तर : लक्ष देऊ नका, हा सल्ला कृपया मानू नका. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत आपल्याकडे कितीतरी घरांनी निदानाची पहिली दोन-तीन वर्षे घालवली आहेत. चष्मा कुठे ठेवला हे न आठवणे वयपरत्वे होते. पण पन्नास वर्षे हाताखालून गेलेल्या आमटीचा क्रम चुकू लागणे हे मेंदूच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्याची तपासणी झालीच पाहिजे.

ती तपासणी आधी का, हे सांगतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शुद्ध शाकाहारी घरांत ती पुष्कळ आढळते), थायरॉइडचे काम मंदावणे, रक्तातील सोडियम कमी होणे, नैराश्य, सर्दीची किंवा झोपेची काही औषधे, पडल्यानंतर काही आठवड्यांनी कवटीच्या आत साचणारे रक्त, या सगळ्यांमुळे स्मृतिभ्रंशासारखीच लक्षणे दिसतात आणि वेळेत उपचार झाले तर ती बऱ्याच अंशी कमी होऊ शकतात. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांच्याकडून रक्ततपासण्या, स्मरणशक्तीच्या चाचण्या आणि मेंदूचे स्कॅन करून घ्यावे. खर्चाची अडचण असेल तर पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जावे. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : बिघाड दोन-चार दिवसांत एकाएकी झाला, तर लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे लागते.

स्मृतिभ्रंश म्हणजे अनेक आजारांतून उद्भवणाऱ्या लक्षणांचा समूह. त्यांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांत मुळाशी अल्झायमर असतो. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये त्याचे पहिले वर्णन मांडले. मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने विकृत रूपात साचत जातात आणि पेशी मरत जातात. मेंदूला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्या खराब झाल्याने होणारा प्रकार त्याखालोखाल आढळतो.

अल्झायमरची झळ बहुधा सर्वांत आधी पोचते ती नवी आठवण घडवणाऱ्या भागाला. त्यामुळे सकाळचा चहा पुसला जातो आणि जुने तसेच राहते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा आपल्या सासूबाई अकरा-बारा वर्षांच्या असतील. त्या गाठोड्यातल्या वस्तू पुन्हा पाहा : घर सोडताना एखादी बाई नेमके हेच उचलेल. कदाचित त्यांनी आपल्या आईला ते उचलताना पाहिले असेल. पावसाचा आवाज आणि अंधारून येणे एवढ्याने त्यांच्यापुरता तो दिवस पुन्हा उगवतो. अशा वेळी ‘धरण कधीच फुटून गेलं’ हे सांगणे खरे असले, तरी त्यांच्या भीतीला त्याचा उपयोग नाही. शेजारी बसावे, हात हातात घ्यावा आणि विचारावे, ‘पाणी कुठवर आलं होतं हो? तुम्ही कुठे थांबला होतात?’ त्यांना बोलू द्यावे, मग ‘आधी चहा घेऊ’ म्हणावे. बाळकृष्ण त्यांच्याच हातून देवघरात ठेवून घ्यावा. ‘घर’ या शब्दाने अनेकदा पत्ता अभिप्रेत नसतो, सुरक्षित वाटणे अभिप्रेत असते, आणि ते आपण कोथरूडमध्येही देऊ शकता.

संध्याकाळी अस्वस्थता वाढणे हे या आजारात नेहमीचे आहे. अंधार पडण्यापूर्वीच दिवे लावावेत, पडदे ओढावेत, टीव्हीवरच्या पुराच्या बातम्या बंद ठेवाव्यात. गॅसचा कॉक वापरानंतर बंद करावा, आणि नाव व फोन नंबर असलेली चिठ्ठी त्यांच्या पातळाला शिवून टाकावी. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमंटिन या औषधांनी आजार थांबत नाही, मात्र काहींची लक्षणे काही काळ सुसह्य होतात. शांत झोपावे म्हणून परस्पर गोळी देऊ नये. त्याने तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

आणि आपल्या घरच्यांना माझा निरोप सांगा : हे काम एकट्या सुनेचे नाही. रात्री वाटून घ्याव्यात, आठवड्यातला एक दिवस आपल्याला पूर्ण सुटी मिळावी. मन थकले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

प्रश्न : माझ्या आईला ७२ व्या वर्षी अल्झायमरचे निदान झाले. मी ५२ वर्षांचा आहे. मलाही होणार का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : आईवडिलांना असल्यास धोका काहीसा वाढतो, पण तेवढ्याने आजार ठरत नाही. एकाच जनुकातील दोषामुळे जवळजवळ निश्चितपणे होणारा प्रकार फार विरळा आहे आणि तो सहसा साठीपूर्वीच दिसतो. आपल्या आईंचे वय पाहता तो संभवत नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके नोंदवले आणि ते सगळे दूर झाले, तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असा अंदाज मांडला. त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, व्यायामाचा अभाव हे आहेतच. मला दोन गोष्टींवर भर द्यावासा वाटतो. ऐकू कमी येत असेल तर संकोच सोडून श्रवणयंत्र लावा. कमी ऐकू येणारा माणूस गप्पांतून बाजूला होतो आणि मेंदूचे रोजचे काम घटते. दुसरी गोष्ट हेल्मेट. डोक्याला झालेली इजा याच यादीत आहे आणि आपल्या शहरात दुचाकीशिवाय कुणाचे चालत नाही, म्हणून कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही ते घाला.

प्रश्न : वडिलांना सुरुवातीचा स्मृतिभ्रंश आहे. बँकेत त्यांची सही जुळत नाही. मुखत्यारपत्र करून ठेवावे का?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : मुखत्यारपत्राने आजची सोय होईल, परंतु करून देणाऱ्याची समजण्याची क्षमता गेली की आपल्या कायद्यानुसार साधे मुखत्यारपत्र संपुष्टात येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून वडिलांना समजते आहे तोवर, त्यांना समोर बसवून आणि त्यांची इच्छा विचारून, खाते संयुक्त करणे, खात्याला नॉमिनी नोंदवणे आणि मृत्युपत्र ही कामे वकिलांच्या सल्ल्याने उरकावीत. मृत्युपत्राच्या वेळी ते समजून सही करत आहेत असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडल्यास पुढचे वाद टळतात. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनही देता येतो, त्यामुळे नोव्हेंबरात त्यांना रांगेत उभे करू नका.