ऊर्जाबिलं भडकली की सरकारं कायमचा उपाय सोडून सवलतच का देतात?

कारण सवलत पुढच्याच बिलात दिसते. भिंतीत भरलेलं उष्णतारोधक अस्तर कुणाला दिसत नाही, आणि त्याचा फायदा जाणवेपर्यंत निवडणूक उरकलेली असते. ब्रिटनचंच बघा. २०१३ मध्ये बिलं उतरवायची म्हणून घरं उष्णतारोधक करण्याच्या, बिलांतूनच खर्च वसूल होणाऱ्या योजनेलाच कात्री लावली. २०१५ पासून इंग्लंडात जमिनीवरच्या नव्या पवनचक्क्या जवळपास थांबवल्या. २०१७ मध्ये रफ हे देशातलं गॅस साठवून ठेवण्याचं सगळ्यात मोठं ठिकाण बंद होऊ दिलं. मग २०२२ मध्ये गॅस कडाडला, तेव्हा सरसकट प्रत्येक घराला बिलात ४०० पौंडांची सूट द्यावी लागली, वर दरमर्यादा वेगळीच. मदत चुकीची नव्हती म्हणा. थंडीत कुडकुडणाऱ्याला दूरदृष्टी सांगून काय उपयोग? पण त्या पैशातून खिडकीची एक फटसुद्धा बुजली नाही.