गव्हाचं गणगोत: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गव्हाचे नवे वाण, त्याचे रानटी नातलग आणि बीजपेढ्या यांविषयी बरेच प्रश्न साठले होते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काहींना चार ओळी पुरल्या, काहींना पान भरलं.

प्रश्न: गव्हाचा जीनोम माणसाच्या पाचपट मोठा आहे असं वाचलं. मग गव्हात विविधता कमी आहे, ही ओरड कशासाठी?

जीनोम मोठा असला म्हणजे विविधता जास्त, असं नसतं. जीनोम म्हणजे पेशीतला सगळा डीएनए. गव्हाचा सुमारे १६ अब्ज डीएनए-अक्षरांचा आणि माणसाचा ३ अब्जांचा, हे खरं. पण गव्हातला जवळपास ८५ टक्के भाग त्याच त्या तुकड्यांच्या पुनरावृत्तीनं भरलेला आहे. २०१८ मध्ये ‘चायनीज स्प्रिंग’ या वाणाचा संदर्भ-जीनोम प्रसिद्ध झाला, त्यात खात्रीची जनुकं भरली १,०७,८९१. आकडा एवढा फुगण्याचं कारण म्हणजे रोजच्या वापरातला गहू तीन गवतांच्या मिलाफातून झाला आहे. बहुतेक जनुकं त्याच्याकडे तीन-तीन संचांत असतात.

विविधता मोजायची ती निराळ्या मापानं. एकाच जनुकाची किती वेगवेगळी रूपं झाडाझाडांत सापडतात, ते पाहायचं. इथे गव्हाचं नशीब सुरुवातीलाच आखूड निघालं. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात, खपलीच्या कुळातल्या गव्हाच्या शेतात ‘एजिलॉप्स टाउशी’ नावाचं गवत तण म्हणून वाढत होतं. गव्हाच्या गुणसूत्रांच्या १४ जोड्या, गवताच्या ७. त्यांचा आपोआप संकर झाला, गुणसूत्रं दुप्पट झाली आणि २१ जोड्यांचा नवा गहू जन्माला आला. असे संकर टिकले ते अगदी मोजके. म्हणजे टाउशी डोंगरउतारांवर मैलोन्‌मैल पसरलेलं असताना त्यातल्या मूठभर झाडांचाच वारसा गव्हाला मिळाला. बाकीचे दोन संच, ज्यांना ए आणि बी म्हणतात, शेजारच्या खपली-कुळाशी पुढेही अधूनमधून संकर होत राहिल्यानं थोडे सावरले. टाउशीकडून आलेला डी संच मात्र आजही तिघांत सर्वात एकसुरी आहे.

दुसरी गाळणी माणसानं लावली. केंब्रिजच्या आर्थर वॉटकिन्स यांनी १९२०-३० च्या दशकांत ३२ देशांतून शेतकऱ्यांकडचे गावरान गहू गोळा केले होते. त्यातले ८२७ वाण जपले गेले. त्यांच्या जीनोमचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या संग्रहात सात प्राचीन गट दिसले आणि आधुनिक वाण मुख्यतः त्यांपैकी दोनच गटांवर उभे असल्याचं आढळलं. संग्रहातली सुमारे ६० टक्के विविधता आधुनिक वाणांत उतरलेलीच नाही. ही बातमी वाचून ‘६० टक्के खजिना सापडला’ असं काहींनी कळवलं. जरा दमानं घ्या. त्यात उशिरा पिकणारे, लोळणारे, ओंबीतून दाणा गाळणारे गुणही आले. काय उपयोगाचं, हे अजून शोधायचं आहे.

प्रश्न: रानटी गवतातलं जनुक गव्हात आणतात म्हणजे हातानं नेमकं काय करतात? हे जीएमच नव्हे का?

जीएम म्हणजे प्रयोगशाळेत परकं जनुक थेट घातलेलं, ते हे नव्हे. हा संकरच आहे, फक्त अवघड.

साधा गहू-गव्हाचा संकरसुद्धा चिकाटीचं काम असतं. ओंबी पानाच्या पोटातून बाहेर आलेली असावी, पण आतले परागकोष अजून हिरवे असावेत. ते पिवळे पडले तर उशीर झाला. ओंबीवरची मधली बारीक फुलं खुडायची, उरलेल्यांची तुसं कात्रीनं वरून छाटायची आणि प्रत्येक फुलातले तीन परागकोष चिमट्यानं अलगद काढायचे. एक जरी आत राहिला तरी स्वपरागण होऊन सगळी मेहनत पाण्यात. मग ओंबीवर बटर पेपरची पिशवी चढवायची. दोन-तीन दिवसांनी कुक्षी पिसासारखी फुलली की दुसऱ्या झाडाचे पराग वरून टाकायचे.

गवत आलं की खरी अडचण सुरू होते. दाणा धरल्यासारखा दिसतो, पण आत गर्भाला पोसणारा भाग नीट बनत नाही आणि गर्भ उपाशी मरतो. म्हणून साधारण दोन आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाणा उघडून तो मिलिमीटरभराचा पांढुरका गर्भ बाहेर काढतात आणि पोषक माध्यमावर वाढवतात. रोप येतं ते वांझ. त्याला कोल्चिसिन या रसायनाची प्रक्रिया देऊन गुणसूत्रं दुप्पट केली, तर बी धरतं.

ड्युरम (खपली-कुळातला, १४ जोड्यांचा गहू) आणि टाउशी यांचा असा संकर करून आठ-दहा हजार वर्षांपूर्वीची घटना प्रयोगशाळेत पुन्हा घडवता येते. या ‘सिंथेटिक’ गव्हांवर मेक्सिकोतल्या सिमिट या संस्थेनं १९८० च्या दशकापासून जोर दिला आणि वेगवेगळ्या टाउशी झाडांपासून हजाराहून अधिक सिंथेटिक गहू तयार केले. एकसुरी डी संचात नवं रक्त आणायचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. सिंथेटिक गहू स्वतः शेतात लावण्याच्या लायकीचा नसतो. दाणा तुसांत इतका घट्ट बसतो की मळणी नको होते. त्याचा चांगल्या वाणाशी पुन्हा संकर करावा लागतो. चीनच्या सिचुआन प्रांतात २००३ मध्ये आलेला ‘छुआनमाई ४२’ हा उत्पादन आणि पिवळ्या तांबेऱ्याचा (तांबेरा हा बुरशीचा रोग) प्रतिकार या दोन्हींत सरस ठरलेला वाण याच वाटेनं आला.

राय (मोहरी नव्हे, गव्हाच्या नात्यातलं एक धान्य) किंवा आणखी दूरच्या गवतांबाबत आणखी एक पहारा असतो. गव्हाच्या ५बी गुणसूत्रावर ‘पीएच १’ नावाचं जनुक आहे. ते परक्या गुणसूत्राला गव्हाच्या गुणसूत्राशी जोडी जमवू देत नाही आणि जोडी नाही तर देवाणघेवाण नाही. ते नसतं तर तीन संचांची सरमिसळ होऊन गहू वांझ झाला असता, त्यामुळे त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ अर्नेस्ट सीअर्स यांनी १९५६ मध्ये यावर क्ष-किरणांचा तोडगा काढला. गुणसूत्रं तुटली आणि एजिलॉप्सच्या दुसऱ्या एका जातीतला तांबेरा-प्रतिकारक तुकडा गव्हाच्या गुणसूत्राला चिकटला. पुढे पीएच १ नसलेली गव्हाची उत्परिवर्तित झाडंही त्यांनीच दिली. ती आजही वापरात आहेत.

एवढं करून हाती येतं ते एक जनुक नव्हे, तर सगळा तुकडा. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं चांगल्या जनुकासोबत शेजारची नकोशी जनुकं येतात. थिनोपायरम गवतातून आलेल्या ‘एलआर १९’ या तांबेरा-प्रतिकारक जनुकाबरोबर पीठ पिवळं करणारं जनुकही आलं आणि हा प्रतिकार कित्येक वर्षं बाजूला पडून राहिला. रायमधून गव्हात आणलेल्या एका तुकड्यानं कणीक चिकट केली. यावर उपाय म्हणजे चांगल्या वाणाशी पुन:पुन्हा संकर. प्रत्येक पिढीत परक्याचा हिस्सा सरासरी निम्मा होतो, सहा पिढ्यांत तो एक टक्क्याच्या खाली येतो. पण हव्या जनुकाला खेटून असलेला भाग या हिशोबाला जुमानत नाही. तो तोडायला भरपूर झाडं आणि डीएनए-खुणांची तपासणी लागते.

जीएम गहू हवाच असेल तर सूर्यफुलातलं जनुक घातलेला ‘एचबी ४’ पाहा. अर्जेंटिनानं त्याला २०२० मध्ये मान्यता दिली.

प्रश्न: तांबेऱ्याला प्रतिकारक म्हणून घेतलेला वाण काही वर्षांतच तांबेऱ्यानं भरला. बियाण्यात भेसळ झाली असेल का?

भेसळ अशक्य नाही, पण बहुतेक वेळा बियाणं तेच असतं, बुरशी बदललेली असते.

रायचा जो तुकडा वर आला, त्यात काळ्या तांबेऱ्याविरुद्धचं ‘एसआर ३१’ होतं. जोडीला पानावरच्या आणि पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धची जनुकंही होती. एकाच तुकड्यात तिन्ही तांबेऱ्यांचा बंदोबस्त! साहजिकच जगभरच्या पैदासकारांनी तो उचलला आणि लाखो हेक्टरवर तोच एक तुकडा उभा राहिला. १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारा काळा तांबेरा सापडला, तोच पुढे ‘यूजी ९९’ म्हणून कुप्रसिद्ध झाला. तो केनिया, इथिओपिया, येमेन करत इराणपर्यंत पोचला. इथिओपियात ‘दिगालू’ हा वाण यूजी ९९ पुढे टिकत होता, म्हणून तो मोठ्या क्षेत्रावर गेला. २०१३ मध्ये काळ्या तांबेऱ्याच्या भलत्याच प्रकारानं तो झोपवला.

माझं मत कडक आहे. एका जनुकाच्या भरवशावर वाण सोडणं ही विविधतेची उधळपट्टी आहे. एक जनुक आणायला वीस-वीस वर्षं लागतात आणि ते एकटं शेतात सोडलं तर बुरशी काही हंगामांत त्याचा निकाल लावते.

टिकाऊ प्रतिकार दिसायला मामुली असतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एडगर मॅकफॅडन यांनी ‘यारोस्लाव’ या खपली-कुळातल्या गव्हाचा ‘मार्क्विस’ या रोजच्या वापरातल्या गव्हाशी संकर केला, त्यातून ‘एसआर २’ आलं. ते तांबेरा पूर्ण थांबवत नाही, पण त्याची वाढ मंदावतं, आणि ते अजून कामाचं आहे. ‘एलआर ३४’चंही तसंच. ही दोन्ही ओळखायची सोय झाडावरच असते. एसआर २ असलेल्या झाडाच्या तुसांवर आणि कांड्यांवर काळपट झाक येऊ शकते. एलआर ३४ असेल तर वरच्या पानाचं टोक वाळतं. हे रोग समजून किंवा ‘वाण दिसायला बरा नाही’ म्हणून नाकारू नका. अशी तीन-चार जनुकं एकत्र आली की तांबेरा दिसतो, पण दाणा भरतो.

प्रश्न: बुटके वाण जरा खोल पेरले की विरळ उगवतात. याचा जनुकांशी संबंध आहे?

थेट आहे. जगातल्या बहुतांश बुटक्या गव्हांत ‘नोरिन १०’ या जपानी वाणातली दोन जनुकं, किंवा त्यातलं एक, असतं. गोंजिरो इनाझुका यांचा हा वाण १९३५ मध्ये प्रसारित झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अमेरिकेत ऑरव्हिल व्होगेल यांच्याकडे आणि तिथून मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे गेला. ही जनुकं झाडाला जिबरेलिन या संप्रेरकाकडे काणाडोळा करायला लावतात. ताट आखूड राहतं, खत दिलं तरी लोळत नाही. पण जमिनीतून वर येणाऱ्या कोंबाचं आवरणही आखूड राहतं. ओल खोल गेली म्हणून बी खोल टाकलं की कोंब मातीतच अडकतो.

ताट बुटकं ठेवून कोंब लांब ठेवणारी दुसरी जनुकं आहेत, ‘आरएचटी ८’ आणि ‘आरएचटी १८’ ही त्यांतली. उथळ पेरणीची सोय असेल तिथे जुनी जनुकं उत्तम चालतात. कोरडवाहूसाठी मात्र ही दुसरी आणायला हवीत, आणि ते काम आधीच व्हायला हवं होतं.

प्रश्न: खपलीसारख्या जुन्या गव्हांत ग्लुटेन नसतं ना?

असतं. खपली, एकदाणी, ड्युरम, सगळ्यांत असतं. प्रकार आणि प्रमाण बदलतं, पण सीलिअक (ग्लुटेननं आतड्याला इजा होण्याचा) आजार असलेल्यांना यातलं काहीच चालत नाही. जुने गहू जपण्याची कारणं दुसरी आहेत. रानटी एमरमधल्या (खपलीच्या रानटी पूर्वजातल्या) एका जनुकानं दाण्यातली प्रथिनं, लोह आणि जस्त वाढतं. ते २००६ मध्ये वेगळं काढलं गेलं. त्याची चालू प्रत बहुतेक आधुनिक गव्हांत नाही. मात्र त्यानं पीक लवकर पिकतं, म्हणून काही हवामानांत दाणा बारीक राहतो.

प्रश्न: बीजपेढ्यांत लाखो नमुने पडून आहेत. त्यांतले बहुतेक कुणी वापरतही नाही. हा खर्च कशासाठी?

अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी १९४८ मध्ये तुर्कस्तानातून आणलेल्या एका गव्हाचं उदाहरण देतो. ताट उंच आणि बारीक, हमखास लोळणारं. पानावरचा तांबेरा यायचा, थंडीही सोसायचं नाही, पिठाची प्रत सुमार. पीआय १७८३८३ हा क्रमांक मिळाला आणि पंधराएक वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळा तांबेरा भडकला तेव्हा हेच ध्यान त्याच्या चार प्रकारांना प्रतिकारक निघालं. वर काणीच्या कितीतरी प्रकारांनाही ते दाद देत नव्हतं. त्या भागातल्या पुढच्या कित्येक वाणांत त्याचं रक्त आहे. १९४८ मध्ये उपयुक्तता बघून नमुने ठेवले असते, तर हा पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

तुमच्या प्रश्नात तथ्य मात्र आहे. सिमिटच्या पेढीतच गव्हाचे दीड लाखाच्या आसपास नमुने आहेत आणि पैदासकार सहसा स्वतःच्याच चांगल्या वाणांत संकर करत राहतो, कारण त्याला तीन-चार वर्षांत काहीतरी दाखवायचं असतं. पेढी आणि पैदासकार यांच्यामधलं काम, म्हणजे रानटी नमुन्यातला गुण बऱ्यापैकी झाडात आणून देणं, कुणाच्याच खात्यावर नीट पडत नाही. त्यातून वाण निघत नाही, म्हणून श्रेय नाही आणि श्रेय नाही म्हणून पैसा नाही. कपात करायचीच तर शीतगृहाच्या विजेत नको. याच मधल्या कामावर अधिक खर्च करा.

दुसरी प्रत दूर ठेवण्याचाही उपयोग झालेला आहे. सीरियातल्या युद्धामुळे इकार्डा या संस्थेला अलेप्पोजवळची पेढी वापरता येईना, तेव्हा २०१५ मध्ये तिनं नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या जागतिक बियाणे-तिजोरीतून आपले नमुने परत घेतले. त्या तिजोरीतून झालेली ती पहिली उचल. ते मोरोक्को आणि लेबननमध्ये पेरून वाढवले गेले आणि नव्या बियांच्या प्रती परत स्वालबार्डला गेल्या.

प्रश्न: आता क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रानं हवं ते जनुक बदलता येतं. मग रानटी गहू कशाला सांभाळायचे?

कुठलं जनुक कसं बदलायचं, हे आधी कळायला हवं म्हणून. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी गव्हातल्या ‘एमएलओ’ जनुकाच्या तिन्ही प्रती संपादनानं बंद पाडल्या आणि गहू भुरी रोगाला दाद देईना. पण ते जनुक बंद पडलं की भुरी येत नाही, हे बार्लीवरून आधीच माहीत होतं. इथिओपियातल्या गावरान बार्लीत असा नैसर्गिक बदल होता आणि पैदासकार तो कित्येक वर्षं वापरत होते. शिवाय एखादं जनुक बंद करणं सोपं. दुष्काळात तग धरण्यासारखा गुण पुष्कळ जनुकांच्या छोट्या-छोट्या हिश्श्यांतून येतो, तिथे संपादनाला नेमकं बोट ठेवायला जागाच सापडत नाही.

त्या भुरी-प्रतिकारक गव्हातही खोट निघाली होती. झाडं खुजी राहायची, उत्पादन घटायचं. २०२२ मध्ये त्याच संपादित झाडांपैकी एक झाड चांगलं वाढणारं आढळलं. तपासलं तर त्यात बी संचातला तीन लाखांहून अधिक अक्षरांचा तुकडा गळालेला होता. त्यामुळे शेजारचं एक जनुक जास्त काम करू लागलं होतं आणि त्यानं वाढीची कसर भरून काढली होती. हा तुकडा काढायचं कुणी ठरवलं नव्हतं.