'गतिरोधक हवा' हा अर्ज का अडकतो, आणि त्याऐवजी काय लिहावं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला १२ मीटरचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता, एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला सोसायट्या. गाड्या सुसाट जातात, म्हणून गतिरोधकासाठी तीन अर्ज दिले. तिन्हींना उत्तर एकच, "नियमात बसत नाही." आता पुढे काय?

तुमच्या अर्जात दुखणं कुठेच नाही, थेट गोळीचं नाव आहे. गतिरोधक नाकारायला अभियंत्याकडे कारणं तयार असतात: बसचा मार्ग आहे, रुग्णवाहिका जातात, पाठीच्या त्रासाच्या तक्रारी येतात. यातली काही खरीही असतात. पण "शाळा सुटताना इथे १०० पैकी १५ गाड्या ताशी ५० च्या वर असतात, आणि मुलांना रस्ता ओलांडायला लागणारे ११ सेकंद सलग मोकळे मिळत नाहीत" असं लिहून दिलं, तर त्याला 'नियमात बसत नाही' हे उत्तर होऊ शकत नाही. उपाय सुचवायची जबाबदारी त्यांच्यावर येते.

आधी रस्ता कोणाचा आहे ते पाहा. महापालिकेचा असेल तर पथ विभाग. राज्य मार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. राष्ट्रीय महामार्ग असेल तर गतिरोधक मागूच नका, तिथे असलेले काढण्याचं केंद्राचं धोरण आहे. तिथे भुयारी मार्ग, पादचारी पूल किंवा सिग्नल एवढ्याच गोष्टींवर बोलणी होतात. चुकीच्या दारात दिलेला अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' फिरत राहतो आणि त्यात सहा महिने सहज जातात.

आता मोजणी. रस्त्याच्या कडेला ५० मीटर अंतरावर खडूने दोन खुणा करा. अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. गाडी पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत पोचते ते पाहा. ६ सेकंद म्हणजे ताशी ३०, साडेचार म्हणजे ४०, ३.६ म्हणजे ५०, आणि ३ म्हणजे ६०. स्टॉपवॉचवर बोटाची चूक होते, म्हणून दोन्ही खुणा दिसतील असा मोबाइलचा व्हिडिओ घेऊन नंतर घरी मोजलेलं बरं. कोंडीत अडकलेल्या गाड्या मोजू नका, मोकळ्या धावणाऱ्याच घ्या. अशा १०० गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने लावले की ८५ वा आकडा महत्त्वाचा, म्हणजे ज्या वेगाच्या आत १०० पैकी ८५ गाड्या असतात तो. वाहतूक अभियंते त्यालाच विचारतात. सरासरी देऊ नका, सरासरीत सुसाट जाणारे लपतात.

सोबत कर्बपासून कर्बपर्यंतचं, म्हणजे एका पदपथाच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. १२ मीटरच्या रस्त्यात पदपथ वजा केले की साधारण ९ मीटर उरतात. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात, म्हणजे साडेसात सेकंद. लहान मूल किंवा काठी टेकत जाणारी आजी ०.८ च्या वेगाने गेली तर ११ सेकंद. मग सकाळी शाळा भरताना अर्धा तास उभं राहून, ११ सेकंदांची मोकळीक किती वेळा मिळाली ते नोंदवा. हा आकडा बहुतेक कोणी देत नाही, आणि अर्जात सगळ्यात जास्त वजन यालाच येतं.

सिग्नल मागायचा विचार असेल तर इंडियन रोड्स काँग्रेसची एक फूटपट्टी कामाची आहे. गर्दीच्या तासातले रस्ता ओलांडणारे पादचारी, गुणिले दोन्ही दिशांच्या गाड्यांच्या संख्येचा वर्ग. चार सर्वांत गर्दीच्या तासांची सरासरी घ्यायची. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर १० कोटींच्या वर गेलं, दुभाजक असेल तर २० कोटींच्या वर, की नियंत्रित क्रॉसिंगची मागणी रास्त ठरते. उदाहरणार्थ २०० पादचारी आणि ८०० गाड्या: २०० × ६,४०,००० म्हणजे १२.८ कोटी. फक्त यात एक मेख आहे. रस्ता इतका भीतिदायक असेल की लोक ओलांडतच नाहीत, तर पादचारी कमी भरतात आणि रस्ता कागदावर 'सुरक्षित' ठरतो. तसं असेल तर पालक मुलांना समोरच्या शाळेत रिक्षाने का सोडतात, तेही लिहा.

वेगाचा मुद्दा कोणी हसण्यावारी नेलाच तर हा हिशेब पुढे करा. चालकाला भान यायला एक सेकंद धरला, तर कोरड्या डांबरावर ताशी ३० ची गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० च्या गाडीला २८ मीटर लागतात. म्हणजे ३० ची गाडी जिथे थांबलेली असते, तिथे ५० ची गाडी ब्रेक लागायच्या आधीच, पूर्ण वेगात पोचलेली असते.

काय मागावं? तुमच्या जागेसाठी माझं मत उंच झेब्रा क्रॉसिंग: पदपथाच्या पातळीला आणलेला सपाट ओटा, दोन्ही बाजूंना सौम्य चढ. त्याने गाडीचा वेग कमी होतो आणि चालणाऱ्याला खाली उतरावं लागत नाही. एका बाजूला पार्किंग असेल तर त्या पट्ट्यात क्रॉसिंगपाशी पदपथ २ मीटर पुढे घ्यायला सांगा. ओलांडायचं अंतर ९ वरून ७ वर येतं, आणि उभ्या टेम्पोमागून मूल अचानक पुढे येत नाही. क्रॉसिंगलगतची पार्किंगबंदी नुसत्या फलकाने टिकत नाही, तिथे बोलार्डच (गाडी अडवणारे ठेंगणे खांब) लागतात.

साधा गतिरोधकच मिळणार असेल तर मापं अर्जात लिहून द्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 'आयआरसी ९९' या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच, वक्राची त्रिज्या १७ मीटर. त्यावरून ताशी २५ ने आरामात जाता येतं. आपल्याकडे जे दिसतं ते फूटभर रुंदीचं डांबराचं ढेकूळ. त्याची गंमत अशी की चारचाकी वेगात गेली तर धक्का स्प्रिंगमध्येच जिरतो आणि आत फारसं जाणवत नाही, त्यामुळे चालक उलट वेग वाढवतो. कंबरडं मोडतं ते सावकाश जाणाऱ्या स्कूटरवाल्याचं. प्लॅस्टिकचे पिवळे-काळे तुकडेही टाळा. बोल्ट ढिले होतात, तुकडे उडतात, उरलेले खिळे टायरमध्ये जातात, आणि मधल्या फटीतून दुचाक्या निसटतात.

कडेला पाणी वाहायला जागा सोडावीच लागते, पण ती एवढी नको की तिथून बाइक जाईल. ही जागा न सोडता केलेल्या गतिरोधकामागे पहिल्याच पावसात तळं साचतं, आणि मग रहिवासीच तो उखडायला सांगतात. ४० मीटर आधी सूचनाफलक, गतिरोधकावर पांढरे-काळे पट्टे आणि वर दिवा हवा. न रंगवलेला गतिरोधक रात्री दुचाकीस्वारासाठी खड्ड्याइतकाच वाईट. पट्टे साध्या रंगाचे नकोत, एका पावसाळ्यात पुसले जातात. काचेचे मणी मिसळलेलं, किमान अडीच मिलिमीटर जाडीचं थर्मोप्लास्टिक मागा. रस्ता लांब असेल तर एकाने भागत नाही, गाड्या पुढे पुन्हा वेग घेतात. १०० ते १२० मीटरवर दुसरा लागतो.

स्वतः वर्गणी काढून रात्रीत गतिरोधक घालायचा मोह होतो. करू नका. कोणी पडलं तर जबाबदारी तुमच्यावर येते.

अर्ज एकाच दिवशी दोन ठिकाणी द्या: पथ विभागाला आणि वाहतूक पोलीस उपायुक्तांना, दोन्हीकडे एकमेकांची प्रत. पालिका म्हणते पोलिसांची ना-हरकत नाही, पोलीस म्हणतात पालिकेने विचारलंच नाही. दोघांची पोच हातात असली की ही पळवाट बंद होते. शाळेचं पत्र जोडा, त्याला ५० सह्यांपेक्षा वजन असतं. मोजणीचा तक्ता एका पानात बसवा. मागणी 'संयुक्त स्थळपाहणी' ही ठेवा आणि वेळ शाळा सुटायची सुचवा. सकाळी अकराला आलेल्या साहेबांना रस्ता शांतच दिसणार.

महिनाभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकारात विचारा: अर्जावर काय शेरा पडला, स्थळपाहणी कधी झाली, नकार असेल तर कोणत्या मानकाच्या कोणत्या कलमानुसार. 'का' हा प्रश्न विचारू नका, त्याला 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर मिळतं. कागदाची प्रत मागा. तरीही काही झालं नाही तर महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. निधीचं कारण आलं तर पुण्यात नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक आहे, तिथे काम नोंदवता येतं.

काम झाल्यावर त्याच दोन खुणांवर पुन्हा १०० गाड्या मोजा आणि आकडे पथ विभागाला पाठवा. रस्त्याच्या डांबरीकरणाची निविदा निघाली की कनिष्ठ अभियंत्याला लेखी आठवण द्या, क्रॉसिंग आणि पट्टे पुन्हा करणं एस्टिमेटमध्ये धरलंय का. नाहीतर नव्या डांबराखाली ओटा अर्धा गाडला जातो आणि पट्टे तर पूर्णच जातात.