अपत्यसंख्येवर कायद्याने मर्यादा घातल्यास देशाची लोकसंख्या खरोखर घटते का?

घटते, परंतु त्याचे जेवढे श्रेय कायद्याला दिले जाते तेवढे त्याचे नसते. चीनमध्ये 1970 च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी सहाच्या जवळपास अपत्ये होत. उशिरा विवाह, दोन बाळंतपणांत अंतर आणि कमी मुले यांचा आग्रह धरणाऱ्या सरकारी मोहिमेच्या काळात, म्हणजे एक अपत्य धोरण लागू होण्याआधीच, ही सरासरी तीनच्या खाली आली होती. त्या धोरणाने ठळकपणे बदलली ती लोकसंख्येची रचना. मुलींचे प्रमाण घसरले, वृद्धांचे वाढले, आणि 2016 मध्ये दोन व 2021 मध्ये तीन अपत्यांना मुभा देऊनही 2022 पासून तेथील लोकसंख्या कमी होऊ लागली.

आपल्या महाराष्ट्रात दोनपेक्षा अधिक अपत्ये असल्यास, आणि त्यांपैकी एखादे 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेले असल्यास, ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. 2001 च्या जनगणनेत आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे केवळ 839 मुली होत्या. हा आकडा त्या नियमातील तारखेच्या आधीचा असल्याने त्याचा दोष नियमावर टाकता येणार नाही. मात्र जेथे कुटुंब लहान हवे आणि त्यात मुलगाही हवाच असतो, तेथे अपत्यसंख्येची सक्ती मुलींच्याच जिवावर बेतते, असे माझे ठाम मत आहे. केरळमध्ये अशा सक्तीविना, मुलींचे शिक्षण आणि आरोग्यसेवा यांच्या बळावर, जननदर, म्हणजे एका स्त्रीला होणाऱ्या अपत्यांची सरासरी, 1990 च्या सुमारासच दोनच्या आसपास आला होता.