मॉरिलचं उदाहरण अर्धंच वाचलंय

प्रश्न: माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण त्याला राजकारणात जायचंय. ‘अमेरिकेतला जस्टिन मॉरिल पंधराव्या वर्षी शाळा सोडून दुकानदार झाला आणि पुढे खासदार, मग मला पदवी कशाला?’ असं म्हणतो. काय सांगू?

उत्तर: नमस्कार. चिरंजीवांनी माणूस चांगला निवडलाय. मॉरिल हा व्हरमाँटमधल्या स्ट्रॅफर्डच्या लोहाराचा मुलगा, जन्म 1810. शाळा सुटली ती घरच्या ओढाताणीमुळे, हौसेनं नव्हे. कॉलेज न मिळाल्याची खंत त्याला होती. आधी दुकानात कारकुनी, मग भागीदारी, आणि 38व्या वर्षी, 1848 मध्ये, धंद्यातून बाहेर. पोटापाण्याची सोय झाल्यावरच तो 1854 च्या निवडणुकीला उभा राहिला आणि जेमतेम 59 मतांनी जिंकला. बारा वर्षं प्रतिनिधीगृहात, नंतर 1898 मध्ये मरेपर्यंत सिनेटमध्ये.

दुकानदारी त्याच्या कामी आली ती कर आणि खर्चाच्या समितीत. 1861 चा आयातकराचा कायदा त्याच्याच नावानं ओळखला जातो. पण मुलाला वाचायला द्या तो 1862 चा जमीन-अनुदान कायदा, म्हणजे शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायला राज्यांना सरकारी जमीन देणारा. पहिलं विधेयक 1859 मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनननी नाकारलं. विरोध करणारी दक्षिणेतली राज्यं देशातून फुटून गेल्यावर ते पुन्हा आलं आणि लिंकननी सही केली. राज्याच्या प्रत्येक खासदारामागे 30,000 एकर जमीन. ती विकून आलेली रक्कम किमान 5 टक्के व्याजाच्या रोख्यांत. मुद्दल बुडालं तर भरपाई राज्यानं करायची. त्यातला फार तर 10 टक्के भाग कॉलेजच्या किंवा प्रयोगशेतीच्या जागेसाठी, इमारतींसाठी छदामही नाही. अशी कलमं खतावणी लिहिलेल्या माणसालाच सुचतात!

तरी घोटाळा झालाच. पूर्वेकडच्या राज्यांत सरकारी जमीन नव्हती, म्हणून त्यांना दुसरीकडच्या सरकारी जमिनीची हक्कपत्रं मिळाली. बहुतेकांनी ती एकदम बाजारात आणली. सरकारी दर एकरी सव्वा डॉलर असताना अनेकांना एक डॉलरही मिळाला नाही. न्यूयॉर्कमध्ये तारायंत्राच्या धंद्यातून राज्याच्या सिनेटमध्ये गेलेल्या एझ्रा कॉर्नेलनं घाई केली नाही, विस्कॉन्सिनमधली पाइनची जंगलं धरून ठेवली. त्यावर कॉर्नेल विद्यापीठ उभं राहिलं. ही जमीन मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेली होती, हेही मुलानं वाचलेलं बरं.

आता तुमच्याकडे. पदवी पूर्ण करू द्या. दुकानाचं जीएसटी विवरणपत्र यापुढे त्यालाच तयार करायला सांगा. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षण अहवाल मिळवून तरतूद किती, खर्च किती, हे त्यानं शेजारीशेजारी मांडावं. बहुतेक कार्यकर्ते इथेच कच्चे असतात. नगरपरिषदेला 21 व्या वर्षी उभं राहता येतं, विधानसभेला 25 व्या. मधल्या काळात ‘लॅम्प’ फेलोशिपसाठी अर्ज करावा. तिच्यात खासदारासोबत संसदीय संशोधनाचं काम असतं, वयाची मर्यादा 25 आहे आणि पदवी लागतेच.